माळवंडीचं वय

पंधरा वर्षांपूर्वी माळवंडीला कोणी विचारत नव्हतं. ज्वारीची रानं, एक मारुतीचं देऊळ आणि हजारभर माणसं, एवढंच गाव. मग रिंगरोड आला आणि पुण्यातली घरं ज्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती ती सगळी तरुण जोडपी इकडे लोटली. आता माळवंडीत तीन लाख चाळीस हजार माणसं राहत होती आणि दर महिन्याला त्यात चार हजारांची भर पडत होती. संकुलांची नावं अशी, की रिक्षातून उतरताना आपण युरोपात आलो की काय असं वाटावं. वर्गात बाकं पुरत नव्हती, बालवाडीच्या प्रवेशासाठी लोक पोर जन्मायच्या आधी नाव घालत होते. गावात प्रसूतिगृहं अकरा होती आणि स्मशानभूमी एकच, तीही जुन्या गावठाणाची. तिथला कर्मचारी बहुतेक वेळ मोबाइलवर क्रिकेट बघत बसायचा.

अशा या कोवळ्या गावाचं वय मोजणं हे शाल्मली तावरेचं काम होतं. ती नगरपालिकेच्या आरोग्य विभागात लोकसंख्येची आकडेवारी सांभाळायची. वय छत्तीस, बोलणं चटपटीत, आणि आपल्या आकड्यांवर पोटच्या पोरीइतकं प्रेम. कुठल्या वयाची किती माणसं आहेत हे कळलं की शाळा किती लागतील, लशी किती मागवायच्या हे ठरतं. पण इतक्या वेगाने फुगणाऱ्या गावात घरोघरी जाऊन शिरगणती करायची म्हटली, तर शेवटच्या घरापर्यंत पोहोचेतो पहिल्या घरात नवा भाडेकरू आलेला असायचा. म्हणून यंदा जानेवारीत पालिकेने वयदर्शी यंत्र घेतलं. सफाई कामगार त्याला गटारातला ज्योतिषी म्हणत, आणि ते काही फारसं चूक नव्हतं.

माणसाच्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी गळून पडतं आणि नवं येतं. गळलेल्या पेशी मैलापाण्यात जातात. प्रत्येक पेशीतल्या डीएनएवर जागोजागी बारीक रासायनिक खुणा चिकटलेल्या असतात. कुठलं जनुक उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं हे या खुणा पेशीला सांगतात. वय वाढतं तशा या खुणा काही जागी पुसट होतात, काही जागी दाटतात, आणि हे इतक्या शिस्तीत होतं की नुसत्या खुणा वाचून माणसाचं वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने सांगता येतं. वयदर्शी मैलापाण्यातल्या हजारो पेशी एकेक करून वाचायचा आणि अख्ख्या वस्तीचा लोकसंख्या मनोरा काढून द्यायचा. तळाशी मुलं, त्यावर तरुण, शेंड्याला म्हातारी माणसं. कोणाचं नाव नाही, गाव नाही, फक्त वयं. लंगोटातली बाळं तेवढी त्यात दिसत नसत, कारण त्यांचा ऐवज कचऱ्याच्या गाडीत जायचा.

फेब्रुवारीच्या पहिल्याच मनोऱ्यात गडबड दिसली. पन्नास ते पासष्टच्या मध्ये भलामोठा फुगवटा आला होता. नोंदवहीत या वयाची माणसं नऊ हजार, आणि यंत्र म्हणत होतं सत्तर हजारांच्या वर!

शाल्मलीला उत्तर सापडायला अर्धा तासही लागला नाही. तिच्याच घरात ते उत्तर सोफ्यावर बसून मटार सोलत होतं. माळवंडीत नवरा-बायको दोघंही कामाला. मग पोरं कोण बघणार? दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बायकोची आई, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत नवऱ्याची. घरोघर हीच पाळी. रेशनकार्डावर नाव गावाकडे आणि वर्षातले सहा महिने मुक्काम इथे. ही माणसं नोंदवहीत येणार कशी? मनोऱ्यात तिशी-चाळिशीतले लोक कमी दिसत होते, त्याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं. ती मंडळी दिवसभर हिंजवडीच्या ऑफिसात असतात, त्यांच्या पेशी तिकडच्या गटारात जातात.

तिने अहवाल लिहिला, 'माळवंडीचे पाहुणे ज्येष्ठ'. आरोग्य अधिकारी डॉ. हिरेमठ खूश झाले. पालिकेने आजी-आजोबांसाठी बागांमधून हात टेकायला दांडी असलेली पाचशे बाकडी बसवली, गुडघ्यांचे तीन दवाखाने मंजूर केले आणि शाल्मलीला शाल-श्रीफळ दिलं. कोणाच्याच मनात शंका आली नाही. येणार तरी कुठून, प्रत्येकाच्या घरात एक आजी होतीच ना!

मे महिना आला. शाळांना सुट्टी लागली आणि माळवंडी रिकामी झाली. पोरं मामाच्या गावाला गेली आणि त्यांना घेऊन आज्याही आपापल्या घरी परतल्या. शाल्मलीची आठ वर्षांची अन्वीही आजीचं बोट धरून आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या धोंडेवाडीला गेली. बोट धरून म्हणजे नावापुरतंच, कारण पोरगी आजीच्या खांद्याच्या वर पोहोचली होती. अन्वी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी नव्हे, उंचीत चौथी होती. माळवंडीची पोरं अंगानं चांगलीच भरायची आणि आईबाप पालकसभेत त्याबद्दल एकमेकांना टाळ्या द्यायचे.

वीस मे रोजी शाल्मलीने सुट्टीतला मनोरा काढला. तळ गेला होता, म्हणजे पोरं नव्हती. शेंडाही झडला होता, म्हणजे सत्तरीच्या पुढची माणसं गेली होती. पण पन्नास ते पासष्टचा फुगवटा जागच्या जागी होता. थोडा वाढलाच होता.

संकुलांमधून फिरलं तर आज एक म्हातारं माणूस दिसत नव्हतं. ती दुपारच्या उन्हात मुद्दाम चार बागा फिरून आली. पाचशे नव्या बाकड्यांपैकी एकावरही कोणी नव्हतं. मग गटारात उतरलेली ही सत्तर हजार पन्नाशी-साठीची माणसं राहत कुठे होती?

यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने जुन्या गावठाणाच्या गटाराचा नमुना घातला. तिथला मनोरा नोंदवहीशी बरोबर जुळला. म्हणजे यंत्र ठीक होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिशी-चाळिशीतली जेवढी माणसं मनोऱ्यात कमी पडत होती, जवळजवळ तेवढीच माणसं वरच्या फुगवट्यात जास्त होती.

विभागात एकेका माणसाचं वय तपासायचा छोटा संच होता, जेवणाच्या डब्याएवढा. तो पिशवीत घालून ती संध्याकाळी घरी आली. तिचा नवरा तुषार पुनर्जल केंद्रात मुख्य अभियंता होता. माळवंडीला नदी नाही की धरण नाही. वापरलेलं पाणीच पडद्यांमधून गाळून पुन्हा नळाला सोडायचं, यावर गाव चाललं होतं. तुषारला त्याचा अभिमान होता. पाहुण्यांना तो पहिला पेला स्वतःच्या हाताने द्यायचा.

"या नळीत थुंक," शाल्मली म्हणाली.

"इतकी वर्षं संसार केला, आता हे दिवस आले?" तो हसला, पण थुंकला. तिने स्वतःचाही नमुना घातला. अर्ध्या तासाने डब्यावर आकडे उमटले. तुषारचं खरं वय एकोणचाळीस होतं. डबा म्हणाला एकसष्ट. शाल्मलीचं बावन्न.

तुषारने डब्याची चिठ्ठी हातात घेतली आणि वाचायला हात लांब केला. तो कधीपासून असा हात लांब करून वाचायला लागला होता? तिला आठवेना. गुडघे दुखतात, दम लागतो, केस लवकर पिकतात, असं माळवंडीत सगळेच म्हणत. कामाचा ताण आहे म्हणत. मुख्य रस्त्यावर चष्म्यांची बारा दुकानं झाली होती आणि त्यावरही कोणी काही बोललं नव्हतं. सगळ्यांचंच सारखं होत असलं की कोणाला काय कळणार?

"तुझ्या ऑफिसात पाणी कुठलं येतं?" तुषारने विचारलं.

"गावठाणाची जुनी लाइन, विहिरीवरची. का?"

फ्रिजवर अन्वीचा चित्रं काढायचा पांढरा फळा लावलेला होता. त्यावर त्याने पेनने हिशेब मांडला. पडद्यांना बुरशी लागू नये म्हणून त्यांच्यावर एक द्रावण फिरवलं जायचं. गाळलेल्या पाण्यात त्याचा जराभर अंश उतरायचा, परवानगीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी कमी. सुरुवातीला शंभरातले साठ भाग पाणी पुन्हा वापरात यायचं, बाकी बाहेरून ताजं यायचं. तेव्हा तो अंश साचून अडीचपट व्हायचा आणि तिथेच थांबायचा. पण माणसं वाढत गेली, ताजं पाणी तेवढंच राहिलं. तीन वर्षांपूर्वी फेरवापर चौऱ्याण्णव भागांवर नेला गेला. तेच पाणी फिरून फिरून यायला लागलं आणि तो जराभर अंश सतरापट झाला.

"चौऱ्याण्णववर कोणी नेलं?" शाल्मलीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"सही माझी आहे," तुषार म्हणाला. "चार हजार माणसं महिन्याला येतायत, शालू. त्यांना काय पाजणार होतो मी?" मग त्याने पेनचं टोपण लावलं आणि एकदम त्याचा आवाज बदलला. "पण थांब. हे द्रावण विष नाहीये. असतं तर चाचणीत सापडलं असतं. फार तर ते तुझ्या त्या खुणा पुसत असेल. खुणा पुसल्या म्हणजे माणूस म्हातारा झाला असं थोडंच आहे? भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढे फिरवले म्हणून संध्याकाळ होत नाही. तुझा ज्योतिषी फसलाय, आपण नाही."

हे तिला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायची तिला इतकी घाई झाली होती, की त्याने याहून कच्चं काही सांगितलं असतं तरी तिने ते उचलून धरलं असतं. दोघांनी आमरस-पोळी खाल्ली आणि अन्वीला व्हिडिओ कॉल केला. ती विहिरीवर पोहून आली होती आणि बोलायला तिला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली डबा भरत असताना तिच्या भावजयीचा, पल्लवीचा, फोन आला.

"ताई, जवळ कोण हाय का? जरा बाजूला जावा की."

"कोणी नाही. काय झालं? अन्वी बरी आहे ना?"

"बरी हाय, बरी हाय. घाबरू नगा." पल्लवी अडखळली. "तिला... ताई, तिची पाळी आली. सकाळी उठली तर अंथरूण बघून रडायलाच लागली. आपल्याला कायतरी लागलंय, पोटात फुटलंय म्हणत हुती. मी समजावलं तिला. आत्याबाईंनी जवळ घेतलंय. पण ताई, आठ वर्साची हो ती! आमच्याकडं तेरा-चौदाला येती."

शाल्मलीने गॅस बंद केला. एवढंच तिला करता आलं. ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवले म्हणून संध्याकाळ होत नाही, हे वाक्य तिच्या डोक्यात घुमत होतं, आणि संध्याकाळ झाली होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं. खुणा सरकल्या होत्या आणि खुणांच्या मागोमाग शरीरही गेलं होतं.

दुपारपर्यंत ती धोंडेवाडीला पोहोचली. अन्वी ओट्यावर सागरगोटे खेळत होती. आईला बघून ती धावत आली आणि कानात म्हणाली, "आई, मामी म्हणते हे सगळ्या बायकांना होतं. पण मी बाई नाहीये ना?"

"तू थोडी लवकर मोठी झालीस, एवढंच," शाल्मली म्हणाली. पोरीशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

संचाने अन्वीचं वय चौदा दाखवलं. लहान मुलांच्या पेशी पुसलेल्या खुणा परत लावण्यात चपळ असतात, म्हणून ती चौदावर सुटली, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही शाल्मलीला करवेना. पाणी बदललं तर पोरीचं वय पुन्हा आपल्या चालीने चालायला लागेल हे तिला माहीत होतं. मागे मात्र ते येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन ती सरळ डॉ. हिरेमठांच्या खोलीत गेली. पन्नास वर्षांचा हा गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हता, फक्त वरून फोन आला की उभा राहून बोलायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं आणि बाही सरसावली, जणू रक्तच काढायचं होतं.

"मॅडम, आधी माझं करा."

ती अर्धा तास त्यांच्यासमोर बसून राहिली. आकडा सहासष्ट आला.

"माझे वडील अडुसष्टाव्या वर्षी गेले," हिरेमठ हळूच म्हणाले. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, तोंडापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. ऑफिसातलं पाणी गावठाणाचं होतं, तरीही.

"सर, पंधरा जूनला शाळा सुरू होते. चाळीस हजार पोरं परत येतील आणि पहिल्या तासाला बाटल्या भरतील. आजच जाहीर करायला हवं."

"जाहीर करून काय सांगायचं? पळा? कुठे?" त्यांचा आवाज चिरकला. "तीन लाख माणसं घाबरून एका रस्त्यावर आली तर चेंगरून मरतील. जरा धीर धरा. समिती नेमू. जूनअखेरपर्यंत आजी-आजोबांचं कारण चालू राहू द्या, तुम्हीच दिलेलं आहे ते."

हे शेवटचं वाक्य तिला फार लागलं. ते खरंच होतं. फेब्रुवारीत तिने तिशीतली माणसं कमी का दिसतात याचा एक दिवस जास्त विचार केला असता तर तीन महिने वाचले असते. त्या तीन महिन्यांत अन्वीचं किती वय गेलं असेल हे ती मनातल्या मनात मोजू लागली आणि मग तिने स्वतःला थांबवलं.

"मी लिहिते सर. तुमची सही नको."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

घरी तुषार तिची वाट बघत होता. अन्वीचा आकडा तिने त्याला फोनवर सांगितला होता. तेव्हापासून त्याने दाढी केली नव्हती की कपडे बदलले नव्हते. ती पालकांच्या गटांवर पाठवायचा मजकूर लिहायला बसली तसा तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"चार दिवस दे मला. फेरवापर खाली आणतो, पडदे धुतो, मग लिही."

"खाली आणलास तर पाणी किती उरेल?"

"सातांत एकाला पुरेल इतकं."

"मग लोकांना कारण सांगावंच लागेल ना?"

"माझं नाव घालणार आहेस?"

तिने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. हा माणूस तिला आवडायचा, अजूनही आवडत होता, आणि त्याच्या हातून तिच्या पोरीची सहा वर्षं गेली होती. या दोन गोष्टी एकत्र मनात ठेवायला तिला जमत नव्हतं.

"नाव नाही घालत," ती म्हणाली. "चौऱ्याण्णव हा आकडा घालते. सही कोणाची ते लोक शोधतील."

"त्यापेक्षा नावच घाल," असं म्हणून तो चप्पल घालून केंद्राकडे निघून गेला. तिने नाव घातलं नाही. मजकूर चारच ओळींचा होता. शेवटची ओळ होती, 'जिथे आहेत तिथेच राहू द्या, मुलांना परत आणू नका.' तिने तो बावीस गटांवर पाठवला.

पहिला तासभर शिव्या आल्या. कोणी तिला वेडी म्हटलं, कोणी अफवा पसरवते म्हणून पोलिसांत जायची धमकी दिली, तिच्या स्वतःच्या सोसायटीने तिला गटातून काढून टाकलं. मग एका अनोळखी नंबरवरून खासगी निरोप आला. 'मॅडम, माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. मार्चमध्ये तिलाही आली. मी कोणाला सांगितलं नव्हतं.' थोड्या वेळाने दुसरा. 'माझ्या मुलाला मिसरूड फुटलंय, दुसरीत आहे.' मग निरोप थांबेनात. फोन तिच्या हातात सारखा थरथरत होता. प्रत्येक घराने आपापलं गुपित दाबून ठेवलं होतं, लाजेखातर, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच पोरात आहे. संध्याकाळपर्यंत सहाशेवर निरोप आले. ती एकेक वाचत होती आणि तिला सारखी थंडी वाजत होती. मेमधल्या उन्हात तिने अंगावर शाल घेतली.

तुषारने त्याच दिवशी फेरवापर साठवर आणला. सातपैकी सहा भागांतले नळ कोरडे पडले. लोक केंद्राच्या फाटकावर जमले. तो पळाला नाही. फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसला आणि जो विचारेल त्याला द्रावण काय, सतरापट म्हणजे काय, सही कोणाची, सगळं सांगत राहिला. एकाने दगड मारला, तो कपाळाला लागला. तेवढ्यात गर्दीतल्या एका बाईने विचारलं, "तुम्हाला किती आलं?" तो म्हणाला, "एकसष्ट." त्यानंतर दगड आला नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे नीट बघायला लागले होते, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांखालच्या पिशव्या, हातांच्या पाठीवरचे डाग, रंगवलेल्या केसांची पांढरी मुळं. कोणी रडायला लागलं. कोणी नुसतंच घरी निघून गेलं.

पंधरा जूनला माळवंडीतल्या शाळांची घंटा झाली. शाल्मलीच्या घरासमोरच्या शाळेत बावीसशे मुलांपैकी अकरा आली होती. शिक्षकांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

माणसं मात्र गेली नाहीत. जाणार कुठे? नोकऱ्या इथे, घरं इथे, आणि एकसष्टाव्या वर्षी नव्याने कुठे सुरुवात करायची? त्यांनी पोरं गावाकडे ठेवली, टँकरच्या रांगा लावल्या आणि आपापल्या कामाला गेली. तुषारही राहिला. पडदे बदलून होईपर्यंत त्याला केंद्र सोडता येणार नव्हतं. धोंडेवाडीला निघताना शाल्मलीने त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली. दोघांनी एकमेकांना माफ केलं की नाही हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो फक्त म्हणाला, "तिला खरं सांग. माझ्या वाट्याचंही."

धोंडेवाडीत अन्वीचं नाव शाळेत घालायचं होतं. मुख्याध्यापकांनी पोरीकडे बघितलं, जन्मदाखल्याकडे बघितलं आणि कुठल्या वर्गात बसवायचं असं विचारलं. शाल्मलीने दाखला परत घेतला आणि उद्या सांगते म्हणाली. घरी आल्यावर तिने अन्वीला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाणी, खुणा, बाबाची सही, आपली चूक. आठ वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत, काही न लपवता. अन्वीने शांतपणे ऐकलं. खालच्या गल्लीत तिच्याच वयाच्या पोरी लंगडी घालत होत्या आणि ती मधूनमधून तिकडे बघत होती.

"म्हणजे मी आता चौदा वर्षांची आहे?"

"तुझं शरीर. तू आठचीच आहेस."

अन्वीने बोटं मोजली. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. "मग माझे सहा वाढदिवस कुठे गेले?"

शाल्मलीने तिची बोटं आपल्या मुठीत घेतली.

"तुझे किती गेले?"

"सोळा."

"आणि बाबाचे?"

"बावीस."

अन्वीला तिसरीतली बेरीज येत होती. ओठ हलवत तिने ती केली. "आपल्या तिघांचे चव्वेचाळीस," ती म्हणाली. "ते परत मिळतील का गं आई?"

"नाही, बाळा."

मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला, ओठ बाहेर आले, आणि ती सरकत येऊन आईच्या मांडीवर बसायला लागली. ती मावेना. तिने पाय पोटाशी घेतले, मान वाकवली, एका कुशीवर होऊन पाहिलं. गुडघा बाहेर राहिला, डोकं शाल्मलीच्या खांद्याच्या वर गेलं.

"आई, नीट घे ना," ती रडत म्हणाली.

शाल्मली तिला घेत होती. दोन्ही हातांनी, जिवाच्या कराराने, आणि तिला ती घेता येत नव्हती.